बेफाम यंत्राचा लगाम

पावसाळ्यांतील संध्याकाळ आहे. परळकडून लालबागकडे वाहनांची रांग लागली आहे, आणि तिच्यांतील एका मोटारसायकलस्वारानें समोर मोकळी जागा दिसतांच उजव्या हाताची मूठ पिळली आहे. इतक्यांत पुढें बस थांबते. स्वार मूठ परत फिरवतो; पण मूठ जागची हालत नाहीं, किंवा हालली तरी इंजिनाचा घोष ओसरत नाहीं. प्रसंग अवघ्या दोनतीन सेकंदांचा. पण तेवढ्या अवधींत स्वाराचें आणि रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या पोराचें भवितव्य ठरून जातें.

अशा वेळीं काय करावें, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचाहि आहे. माणसानें वाफेची आणि तेलाची शक्ति आपल्या कामाला जुंपली, त्याच दिवशीं ती सोडवावी कशी हा प्रश्न जन्माला आला. मुंबई शहरापुरतें पाहिलें तरी त्याचीं उत्तरें गिरणींत, रुळांवर आणि शेवटीं रस्त्यावर अशीं क्रमानें सांपडत गेलेलीं दिसतात.

१८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं कापडगिरणीसाठीं कंपनी काढली आणि १८५६ मध्यें ताडदेव येथें तिची गिरणी चालू झाली. पुढें परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराड्यांचें रान उभें राहिलें व गिरणगांव वसलें. त्या काळच्या गिरणीचें काळीज म्हणजे वाफेचें इंजिन. त्याच्या जोरावर छताखालचे लांबलचक दांडे फिरत, आणि दांड्यांवरून उतरलेले चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्राला गति देत. भार एकाएकीं कमी झाला तर इंजिन बेफाम धांवूं नये, म्हणून त्यावर दोन गोळ्यांचा नियंत्रक बसविलेला असे. जेम्स वॅट यानें १७८८ मध्यें तो वाफेच्या इंजिनाला जोडला. वेग वाढला कीं गरगर फिरणारे गोळे बाहेर फेंकले जात व वाफेची वाट अरुंद करीत. वेग उतरला कीं गोळे खालीं येत व वाट पुन्हां रुंद होई.

परंतु नियंत्रक वेग सांभाळतो, अपघात ओळखत नाहीं. कामगाराचा हात यंत्रांत ओढला गेला तरी इंजिन आपल्या चालीनें चालतच राही. त्यावर योजलेली युक्ति फार साधी होती. यंत्राच्या कण्यावर दोन चाकें शेजारीं शेजारीं बसवीत; एक कण्याशीं घट्ट जडलेलें, दुसरें मोकळें. पट्टा मोकळ्या चाकावर सरकविला कीं इंजिन फिरत राही, पण यंत्र थांबे. शक्ति न विझवितां तिच्याशीं असलेला संबंध तेवढा तोडावयाचा, हें तें तत्त्व. मोटारसायकलीचा क्लच याच युक्तीचा वंशज होय.

या युक्तीमागें माणसांच्या हातापायांचा हिशेब होता. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यानें धोक्याच्या यंत्रभागांना कुंपण घालण्याची तरतूद केली. १८८४ मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या गिरणी कामगारांनीं ज्या मागण्या मांडल्या, त्यांत कामावर जखमी होणाऱ्यास बरें होईपर्यंत पगार मिळावा, ही एक होती. १९४८ च्या कारखाना कायद्यानें तर पट्टा मोकळ्या चाकावर सरकविण्याचें साधन, आणि आणीबाणींत शक्ति तोडण्याची सोय प्रत्येक कार्यशाळेंत असलीच पाहिजे, असें स्पष्ट सांगितलें.

गिरणीबाहेर रुळांवर हाच धडा निराळ्या रूपानें गिरविला गेला. ९ मे १८७४ रोजीं मुंबईंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम आली. आणि ३१ मार्च १९६४ रोजीं बोरीबंदर ते दादर ही अखेरची ट्राम धांवून तें युग संपलें. घोडा बिथरला तर त्याला चुचकारतां येतें; विजेला चुचकारतां येत नाहीं. प्रवाह तोडणें हें एक काम आणि ब्रेक लावणें हें दुसरें, असे दोन हातांचे दोन धर्म विजेच्या ट्रामनें शिकविले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी सुरू झाली. मुंबईच्या लोकलगाडींत मोटरमनला एक मूठ सतत दाबून धरावी लागते. त्याला भोवळ येऊन हात सुटला तर प्रवाह तुटतो आणि ब्रेक आपोआप लागतात. माणूस निकामी झाला तरी यंत्रानें थांबलें पाहिजे, हा यांतील विचार.

मोटारसायकलीला मात्र हें शहाणपण उशिरां आलें. १८८५ मध्यें जर्मनींत डाइमलर व मायबाख यांनीं लांकडी सांगाड्यावर पेट्रोलचें इंजिन बसविलें; १८९४ पासून म्यूनिकच्या हिल्डेब्रांट आणि वुल्फम्यूलर यांनीं अशा गाड्या विकावयास काढल्या. सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांना आजच्यासारखी पिळण्याची मूठ नसे. हँडलवर लहान दांड्या असत, आणि दांडी जेथें ठेवावी तेथेंच राही. स्वार पडला तरी इंजिन त्याच जोरानें गर्जत राही. १९०७ मध्यें आइल ऑफ मॅन बेटावर पहिली टूरिस्ट ट्रॉफी शर्यत झाली, तेव्हांहि पुष्कळ गाड्या एकाच गतीच्या, पट्ट्यानें चालणाऱ्या व क्लचविरहित होत्या. त्या थांबविण्याचा उपाय म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप एका दांडीनें उचलून धरणें. मग इंजिनांत दाब सांठत नाहीं व जोर नाहींसा होतो. १९५५ मध्यें मद्रास येथें स्थापन झालेल्या एनफील्ड इंडियाच्या जुन्या बुलेटवर किक मारण्याच्या सोईसाठीं अशीच दांडी असे, आणि जाणता स्वार तिनें इंजिन बंदहि करी.

पुढें तीन सुधारणा एकत्र आल्या. इंग्लंडांत अर्नेस्ट बाउडेन यानें १८९६ मध्यें नळींतून सरकणाऱ्या तारेचें पेटंट घेतलें; तिनें मूठ आणि कार्बुरेटर यांची गांठ घातली. कार्बुरेटरांतील सरकत्या झडपेवर स्प्रिंग आली. हात सैल पडतांच ती झडप मिटवूं लागली. आणि ठिणगी तोडण्याचें बटण अंगठ्याजवळ आलें. अमेरिकेनें तर १९७४ पासून मोटारसायकलीच्या हँडलवर असें बटण असणें नियमानेंच बंधनकारक केलें.

तरीहि मूठ अडकते, आणि तिचीं कारणें घरगुती असतात. तारेचा एखादा धागा तुटून नळींत रुततो. खारट हवेनें व पावसानें तार गंजते. झडपेशीं धूळ बसते. हँडलवरचें रबर सरकून मूठ आवळते. किंवा चुकीच्या जागेवरून नेलेली तार हँडल वळतांच ताणली जाते. समुद्रकांठच्या मुंबईंत, चार महिने उघड्यावर भिजणाऱ्या गाडीला यांतील बहुतेक कारणें सहज भेटतात.

अशा वेळीं इतिहासानें शिकविलेलेंच क्रमानें करावयाचें. प्रथम डाव्या हातानें क्लच पुरता ओढून धरावा. म्हणजे पट्टा मोकळ्या चाकावर गेला. त्याच क्षणीं उजव्या अंगठ्यानें लाल बटण दाबावें. म्हणजे ठिणगी विझली. मग दोन्ही ब्रेक बेतानें, हिसका न देतां लावावे, हँडल सरळ ठेवावें, आणि गाडी डाव्या कडेला नेऊन उभी करावी. क्लच ओढतांच इंजिन भयंकर किंचाळतें, आणि पुष्कळ स्वार त्या आवाजाला भिऊन क्लच सोडून देतात. हीच घातक चूक. इंजिन बिघडलें तर दुरुस्त होतें. माणसाचें तसें नाहीं. पेट्रोलचा नळ बंद करणें हा या घटकेचा उपाय नव्हे, कारण कार्बुरेटरांतील सांठा संपेपर्यंत इंजिन चालूच राहतें.

आपोआप गति बदलणाऱ्या स्कूटरला क्लचची दांडी नसते. तिच्या दोन्ही दांड्या ब्रेकच्या असतात. तिच्यांतील क्लच वॅटच्या गोळ्यांच्याच तत्त्वावर वेगानें जुळतो व वेग उतरतांच सुटतो. म्हणून बटण नसल्यास किल्लीनें इंजिन बंद करावें. मात्र किल्ली हँडल जखडणाऱ्या खांचेपर्यंत जाऊं देऊं नये. जुन्या दोनधांवी इंजिनांची एक खोड वेगळी. आंतील काजळी लाल तापली तर ठिणगी तोडूनहि तें चालत राहतें. तेव्हां गाडी उभी झाल्यावर, ब्रेक घट्ट धरून, वरच्या गियरमध्यें क्लच सोडावा. इंजिन गुदमरून थांबतें.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना चाक न जखडूं देणारा ब्रेक सक्तीचा झाला. पुण्याजवळच्या चाकणला बनणाऱ्या ३९० ड्यूकसारख्या गाडींत २०१७ पासून मूठ आणि इंजिन यांच्यामध्यें तारेऐवजीं विजेचा संदेश आला. सुधारणा स्वागतार्ह आहेत. पण कोणताहि ब्रेक स्वाराच्या ऐवजीं इंजिन बंद करीत नाहीं, आणि रस्त्यांवर तारेच्या गाड्या अद्याप लक्षावधि आहेत.

घरांतून निघण्यापूर्वीं, इंजिन बंद असतांना, हँडल एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे वळवून मूठ पिळून सोडावी. ती खट्‌दिशीं मिटली तर बरें. रेंगाळली तर तार बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढूं नये. मुलाच्या हातीं गाडी देणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं त्याला वेग घ्यावयास शिकविण्याआधीं लाल बटण डोळे मिटून शोधावयास शिकवावें. गिरणी कामगाराला शक्ति तोडण्याचें साधन मिळण्यास मुंबईंत अनेक दशकें लागलीं, आणि त्याची किंमत कित्येकांनीं हातापायांनीं मोजली. तेंच साधन आज स्वाराच्या अंगठ्याखालीं आहे. तें तेथें आहे हें त्याच्या हाताला माहीत असणें, एवढेंच काय तें उरलें आहे.