साठी, सरस आणि दाह : एका व्याधीच्या नामकरणाचा इतिहास

जालना जिल्ह्यातील जांब या गावी 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात मनुष्याचे आयुष्य जन्मापासून मृत्यूपर्यंत वर्णिले आहे. वार्धक्याची अवकळा तेथे स्वगुणपरीक्षेच्या समासांत येते. व्याधींची लांबलचक यादी मात्र त्यापुढील आध्यात्मिक तापाच्या समासात येते. म्हातारपण एकीकडे, रोग दुसरीकडे. ही वाटणी ग्रंथाच्या योजनेतून आलेली आहे हे खरे. परंतु मराठी भाषेची धारणाही तिच्याशी जुळतीच आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण (यातील ‘नाठी’ हा संस्कृत ‘नष्ट’ शब्दाचाच प्राकृतातून आलेला वंशज होय) आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द ही दोन्ही वयाकडे बोट दाखवतात, रोगाकडे नव्हे. आजीला नातवंडांची नावे आठवेनाशी झाली, की ‘वय झाले’ एवढे म्हणून घरात विषय मिटतो.

याबद्दल मराठी भाषेस अडाणी ठरविण्याचे कारण नाही. युरोपीय वैद्यकाने हीच वाटणी कितीतरी अधिक काटेकोरपणे केली होती. आलोइस आल्त्सहायमर याने 1901 साली फ्रँकफुर्ट येथे जिला प्रथम तपासले ती आउगुस्टे डेटर अवघ्या 51 वर्षांची होती. 1906 मध्ये ती वारल्यावर तिच्या मेंदूत आढळलेले विकार त्याने त्याच वर्षी ट्यूबिंगेन येथील सभेत मांडले; श्रोत्यांपैकी कोणी प्रश्नसुद्धा विचारला नाही. 1910 साली क्रेपेलिनने आपल्या पाठ्यग्रंथात या विकारास आल्त्सहायमरचे नाव दिले. पुढे हे नाव अकाली येणाऱ्या विस्मृतीपुरतेच वापरले जाऊ लागले आणि सत्तरीतील रुग्ण त्यातून वगळले गेले. हा भेद निराधार आहे असे रॉबर्ट कॅट्झमन याने ठामपणे लिहिले ते 1976 साली. म्हणजे साठीची म्हण जर्मन पाठ्यग्रंथांतही, निराळ्या पोशाखात का होईना, साठसत्तर वर्षे नांदत होती.

नामकरणात आणखीही एक गोष्ट गळाली. आल्त्सहायमरच्या 1907 च्या टिपणात पेशींमधील तंतूंचे गुंते आणि पेशींबाहेरील साचे यांच्या जोडीस ग्लिया पेशींतील बदलांचाही उल्लेख आहे. पहिली दोन लक्षणे रोगाची ओळख बनली. तिसरे मागे पडले. याचे एक कारण शब्दात शोधता येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फिरखो याने ‘न्यूरोग्लिया’ ही संज्ञा रूढ केली. ग्रीक ‘ग्लिया’ म्हणजे सरस. मज्जापेशींना चिकटवून ठेवणारा लगदा, एवढीच या पेशींची योग्यता त्या नावाने ठरविली. सरसाला रोग होतो, किंवा सरस रोग घडवतो, असे कोणाच्या मनात यावे? 1919 साली स्पेनमधील रिओ-ओर्तेगा याने त्यांतील मायक्रोग्लिया हा गट वेगळा काढून या पेशी मेंदूतील मलबा गिळतात हे दाखविले, तरी आल्त्सहायमरच्या व्याधीशी त्यांची सांगड बसावयास बराच काळ लागला. व्हँकुव्हर येथील पॅट्रिक व ईडिथ मॅकगीर या दांपत्याने 1980 नंतरच्या दशकात मृत रुग्णांच्या मेंदूतील मायक्रोग्लियांवर प्रतिकारशक्ती जागी झाल्याची खूण दाखविली, तेव्हा मेंदूतील दाहाची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली.

दाह शमवावा म्हणजे रोग थांबेल, ही अपेक्षा मात्र फसली. संधिवातावरील दाहशामक औषधांची अमेरिकेतील मोठी चाचणी 2004 साली थांबवावी लागली आणि तिच्यातून लाभ सिद्ध झाला नाही. 2012 मध्ये ट्रेम-दोन या जनुकाचा शोध पुढे आला. मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियांत कार्य करते. त्यातील एका विरळ दोषामुळे व्याधीचा धोका जवळजवळ तिप्पट होतो. हा दोष पेशींची साफसफाई मंदावतो. म्हणजे याच पेशी एका अवस्थेत रक्षण करतात व दुसऱ्या अवस्थेत निरोगी मज्जाजोडही खातात. सरसकट शमन करून भागत नाही ते यामुळे.

तेव्हा ‘दाह’ हा शब्दही तपासून घ्यावयास हवा. रोमन लेखक सेल्ससपासून दाहाची चार चिन्हे सांगितली जातात : उष्णता, लाली, सूज आणि वेदना. या व्याधीत बाहेरून त्यांपैकी एकही दिसत नाही. मराठीत तर ‘दाह’ म्हणजे आग, जळजळ. आणि ‘मेंदूचा दाह’ म्हटले की ऐकणाऱ्यास मेंदूज्वरच आठवतो. जांबकडील एखाद्या मुलाला आईच्या मेंदूत दाह आहे असे सांगितले, तर तो तिच्या कपाळावर हात ठेवून पाहील. कपाळ थंडच लागेल, आणि तो पुन्हा म्हणेल : वय झाले.