नवकंकरी

नवकंकरीचे नियम पोस्टकार्डावर मावतील. एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्य जोडलेले, २४ जागा. दोघांना नऊ-नऊ खडे. आळीपाळीने मांडायचे, मग रेघेवरून शेजारच्या रिकाम्या जागी सरकवायचे. एका रेघेत आपले तीन लागले की समोरच्याचा एक उचलायचा. ज्याचे दोनच उरले तो हरला.

हा खेळ इंग्लंडातही होता. शेक्सपिअरच्या १६०० साली छापलेल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये त्याचा उल्लेख आहे. आपल्याकडे नाशिकच्या पांडवलेण्यांत बैठ्या खेळांचे पट दगडात कोरलेले आहेत. पट कोरले, नियम मात्र कोणी कोरले नाहीत. एका पोराने दुसऱ्याला दाखवले की झाले! म्हणूनच दाखवणारे संपले की दगड उरतो, खेळ जातो.

आमच्या वसमतच्या ओट्यांवर नातवंडांसाठी एवढे करू या. खडू आणि अठरा खडे पुरतात.