पहिल्यांदाच लांबचा विमानप्रवास? इकॉनॉमीच्या सीटवर १५ तास काढण्यापूर्वी हे वाचा

मुलगी अमेरिकेत, तिचं बाळंतपण जवळ आलेलं आणि आई-बाबा आयुष्यात पहिल्यांदाच परदेशी निघालेले. हे चित्र आता पुण्या-मुंबईपुरतं राहिलेलं नाही. सांगली, नाशिक, लातूरमध्येही ते दिसतं. अशा घरात पासपोर्ट, व्हिसा आणि बॅगांच्या वजनावर महिनाभर चर्चा होते. पण मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जायला साधारण १५-१६ तास लागतात, आणि ते तास सीटवर कसे काढायचे याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. ‘बसूनच तर जायचंय,’ असं सगळ्यांना वाटतं.

मग होतं असं की खिडकीची सीट मिळते आणि शेजारी दोन अनोळखी माणसं येतात. त्यांना सारखं उठवायचा संकोच वाटतो. बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी पिणंही टाळलं जातं. अख्खा प्रवास एकाच जागी, पाय दुमडून होतो. लांबच्या प्रवासातली सगळ्यात मोठी चूक नेमकी हीच असते.

विमानात शरीराचं काय होतं?

विमान ३५ ते ४० हजार फुटांवरून उडत असलं, तरी आतला हवेचा दाब कृत्रिमरीत्या वाढवलेला असतो. पण तो जमिनीवर असतो तेवढा नसतो. साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा दाब असतो, तेवढा तो ठेवतात. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फुटांचं आहे. म्हणजे प्रवासी कळसूबाईपेक्षाही उंच जागी १५ तास बसलेला असतो! याचे परिणाम असे होतात:

• थकवा: ऑक्सिजन थोडा कमी मिळतो. निरोगी माणसाला डोकं जड वाटण्यापलीकडे फार त्रास होत नाही. पण हृदयविकार, फुप्फुसांचा आजार किंवा रक्तक्षय असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावं.

• पोट फुगणं: दाब कमी झाला की पोटातला वायू प्रसरण पावतो. त्यामुळे निघण्याच्या दिवशी उसळी, कोबी, तळलेले पदार्थ आणि सोडा टाळलेला बरा.

• कान दुखणं: विमान खाली उतरताना कानात दडे बसतात. अशा वेळी गोळी चघळावी, आवंढा गिळावा किंवा नाक-तोंड बंद करून हळूच हवेचा जोर द्यावा. विमान उतरत असताना झोपू नये, कारण झोपेत आवंढा कमी गिळला जातो.

• कोरडेपणा: आतल्या हवेत आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांहूनही कमी असते. ओठ, नाक, डोळे कोरडे पडतात. थोडं थोडं पाणी पीत राहावं. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा वापरावा.

पायात रक्ताची गाठ: खरा धोका

चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन् तास बसून राहिलं की हा पंप थांबतो. रक्त पायात साचतं, पावलं सुजतात आणि क्वचित खोलवरच्या शिरेत रक्ताची गाठ होते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतू शकतं.

याला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ म्हणतात, पण दोष फक्त अरुंद सीटचा नाही. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव चालू असताना लोक आश्रयस्थानात रात्रभर आरामखुर्चीत बसून झोपत. त्यांच्यातही अशा गाठींमुळे मृत्यू झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. म्हणजेच बस, कार किंवा ट्रेनच्या लांबच्या प्रवासातही हा धोका असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार, ४ तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात तो ६,००० मध्ये १ इतकाच आहे. त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मात्र पूर्वी गाठ झालेली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, कॅन्सर, गरोदरपण किंवा जास्त लठ्ठपणा असेल, तर धोका वाढतो. अशांनी घट्ट वैद्यकीय मोजे वापरायचे का, औषध घ्यायचं का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

बाकीच्यांसाठी उपाय सोपे आहेत:

• जागं असताना दर दीड-दोन तासांनी उठून पॅसेजमध्ये एक फेरी मारावी.
• बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं २०-२५ वेळा करावं.
• पायाजवळ बॅग ठेवू नये, पाय पसरायला जागा राहू द्यावी.
• सैल कपडे आणि सैल चपला-बूट घालावेत.
• झोपेची गोळी आणि दारू टाळावी. गाढ झोपेत माणूस तासन् तास हलत नाही.

सीट कोणती घ्यावी?

सतत उठावं लागणाऱ्यांनी, विशेषतः ज्येष्ठांनी, खिडकीचा मोह सोडून पॅसेजच्या कडेची सीट घ्यावी. मग कोणाला उठवायचा प्रश्नच येत नाही. इमर्जन्सी दाराजवळ पाय पसरायला जास्त जागा असते, पण ती सीट वयस्कर किंवा मदतीची गरज असलेल्या प्रवाशांना देत नाहीत. विमानतळावर फार चालणं झेपणार नसेल तर व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी करावी.

शाकाहारींनी हे नक्की वाचा

जेवणाची पसंती किमान २४ तास आधी नोंदवावी लागते. इथे अनेकांची फसगत होते. बऱ्याच विमान कंपन्यांत ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी जेवण नसतं! त्यात बीफ आणि पोर्क नसतं, पण चिकन किंवा मासे असू शकतात. शाकाहारींनी ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन मील’ निवडावं.

विमानात जिभेला गोड-खारट चव कमी लागते, त्यामुळे जेवण बेचव वाटतं. सोबत दशम्या, लाडू, भाकरवडी ठेवता येते. फळं मात्र उतरण्यापूर्वी संपवावीत. अमेरिकेत ती न सांगता नेल्यास दंड होऊ शकतो.

हातातल्या बॅगेत काय हवं?

• सगळी औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन चेक-इन बॅगेत ठेवू नये, ते गोठून निकामी होऊ शकतं. वेळ बदलत असल्याने डोस कधी घ्यायचा हे आधीच विचारून लिहून घ्यावं.
• पॉवर बँक. ती चेक-इन बॅगेत चालत नाही.
• शाल किंवा स्वेटर, कारण विमानात गारवा असतो.
• रिकामी बाटली. सुरक्षा तपासणीनंतर ती भरून घेता येते. दही, चटणी, तेल यांना १०० मिलीचा नियम लागू होतो.
• मुलांचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर. मोबाइल बंद पडला तरी अडत नाही.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेवाव्यात. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून त्या नेऊ देत नाहीत.

टॉयलेटची भीती नको

दार बहुधा मधोमध ढकललं की आत दुमडतं. कडी लावल्यावर पूर्ण उजेड होतो. फ्लशचा आवाज अचानक आणि मोठा येतो, दचकू नये. पाण्याचा जेट बहुतेक विमानांत नसतो, म्हणून एक लहान बाटली बेसिनवर भरून घ्यावी. जेवणानंतर लगेच रांग लागते, तेव्हा जेवणाआधीच जाऊन यावं.

पोहोचल्यावर

मुंबई आणि न्यूयॉर्कच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. शरीर दिवसाला साधारण तासाभराचा फरक भरून काढतं. म्हणून पहिला आठवडा रात्री जाग येणं, दुपारी पेंगणं हे स्वाभाविक आहे. दिवसा उन्हात फिरल्याने घड्याळ लवकर जुळतं.

दोन्ही पावलं थोडी सुजली तर ती सूज एक-दोन दिवसांत उतरते. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, लाल किंवा गरम वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर ताबडतोब इमर्जन्सी गाठावी. अमेरिकेत त्यासाठी ९११ हा नंबर आहे. ही लक्षणं प्रवासानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतात. ‘प्रवासाचा शीण असेल,’ म्हणून दोन दिवस वाट पाहू नये आणि मुलांना त्रास नको म्हणून लपवूही नये.

आई-बाबांना विमानतळावर सोडायला जाल तेव्हा एवढं नक्की सांगा: शेजाऱ्याला ‘एक्सक्यूज मी’ म्हणून उठवण्यात काहीच गैर नाही.