डेव्हिड अब्राहम चेऊलकर

'बूट पॉलिश' (१९५४) या चित्रपटातील जॉन चाचा आमच्या पुष्कळ वाचकांच्या स्मरणात असेल. पोरक्या भावंडांस भीक न मागता कष्टाची भाकर खाण्यास शिकविणारी ती व्यक्तिरेखा इतकी सजीव उतरली की, ती रंगविणारे डेव्हिड हे ख्रिस्तीच असावेत, असा समज होणे स्वाभाविक होते. वस्तुतः त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ते यहुदी होते, आणि त्यांचे आडनाव कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील चौलचे.

कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजातील पुष्कळ कुटुंबे तेलाचे घाणे चालवीत. शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. धर्म यहुदी, परंतु घरची भाषा मराठी. आपल्या धर्मकथांसाठी त्यांनी मराठी कीर्तनाचाही स्वीकार केला.

१९०९ साली जन्मलेल्या डेव्हिड यांनी कायद्याची पदवी घेतली, परंतु १९३७ साली ते चित्रसृष्टीत शिरले. ठेंगणी मूर्ती, टक्कल आणि प्रसन्न हास्य एवढ्या भांडवलावर त्यांनी शंभरांहून अधिक चित्रपटांत कामे केली. 'बूट पॉलिश'बद्दल त्यांस फिल्मफेअर पारितोषिक आणि १९६९ साली पद्मश्री मिळाली. १९८१ साली कॅनडातील टोरांटो येथे ते निवर्तले.

याच ठिकाणी अमेरिकेतील मॅक्स डेव्हिडसन या यहुदी विनोदी नटाची आठवण होते. बर्लिनमध्ये जन्मलेल्या या नटाने १९२७-२८ च्या सुमारास मूकपटांत नाव मिळविले ते दाढीवाला, चिंतातुर, खांदे उडविणारा यहुदी बाप उभा करून. तेथे जात हाच हास्याचा विषय होता. बोलपट आल्यावर त्याच्या वाट्यास किरकोळ कामेच राहिली.

डेव्हिड यांस आपली जात विकून हसे मिळवावे लागले नाही. 'चुपके चुपके'त (१९७५) ते हरिपद भैया झाले, 'बातों बातों में' (१९७९) ख्रिस्ती काका झाले. हे आपल्या समाजास भूषणावह खरे. तथापि त्याचे सारे श्रेय आपल्या औदार्यास देणे योग्य होणार नाही. ज्याची ओळखच नाही, त्याची थट्टा तरी कोण करणार? १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. ओसरत गेलेल्या त्या शेजाराची विचारपूस आपण फारशी केली नाही. जॉन चाचा आपण प्रेमाने आठवतो; त्याच्यामागचा चेऊलकरही आपलाच होता, हे मराठी घरांतील मुलांस ठाऊक असावयास हवे.