नटसम्राटाचे घर



मराठी रंगभूमीने राजे, वीर व संत पुष्कळ दाखविले. परंतु एका वृद्ध नटाच्या घरातील दुःख रंगमंचावर यावे आणि ते प्रत्येकास आपल्याच घरचे वाटावे, हे भाग्य वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट' या नाटकास लाभले.

त्याचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत झाला. तो सादर करणारी 'धि गोवा हिंदु असोसिएशन' ही १९१९ साली स्थापन झालेली संस्था व्यावसायिक नाटकमंडळी नव्हे. समाजकार्यासाठी एकत्र आलेल्या मंडळींच्या संस्थेचा तो कलाविभाग होता. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे होते. वृद्ध गणपतराव बेलवलकरांची भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू त्या वेळी अवघे ४३ वर्षांचे होते, आणि शल्यचिकित्सकाचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट होऊन त्यांस फार दिवस झाले नव्हते. कावेरीच्या भूमिकेत शांता जोग होत्या. या नाटकास १९७४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

कथानक सर्वश्रुत आहे. निवृत्त होताच गणपतराव आपली सर्व मिळकत मुलगा व मुलगी यांस वाटून देतात. मुलाच्या घरी अपमान सोसून ते मुलीकडे जातात. तेथे चोरीचा आळ येतो. पुढे कावेरीही त्यांस सोडून जाते, आणि रंगभूमीच्या सम्राटास अखेर रस्त्यावर आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा एक पोरगा.

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची छाया येथे उघड आहे. 'मॅक्बेथ' व 'ऑथेल्लो' मराठीत आणणाऱ्या शिरवाडकरांस लिअर परका नव्हता. परंतु भेद लक्षात घेण्याजोगा आहे. लिअर राज्य देण्यापूर्वी मुलींकडून स्तुती मागतो. आमचे गणपतराव काहीच मागत नाहीत. ते प्रेमाने देतात आणि निष्कांचन होतात. मुले दुष्ट म्हणून हे घडले, एवढेच म्हणून आपण सुटू नये. गणपतरावांनी धन सोडले, पण सम्राटपण सोडले नाही. आणि मुलांनी धन घेतले, पण बापाचा स्वभाव सांभाळून घेतला नाही. चूक उभयपक्षी आहे.

मी शाळेतून निवृत्त झालो, त्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी परतताना मला हेच नाटक आठवले. रात्री भविष्यनिर्वाह निधीचा विषय निघाला. "सगळे मुलांच्या नावे करून मोकळे होऊ," असे मी म्हणालो. पत्नी शांतपणे म्हणाली, "जेवणाचे ताट द्यावे, बसायचा पाट देऊ नये." मी तिचे ऐकले. आज मुलांशी माझे उत्तम चालले आहे. त्याचे थोडे श्रेय त्या पाटास आहे.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये, पालनपोषणाच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळविता येते. म्हणून दानपत्र करणाऱ्यांनी ती अट संकोच न करता लिहून घ्यावी. मात्र न्यायाधिकरण घर परत देईल, घरातील हाक परत देणार नाही. ती मुलांनीच द्यावयाची असते. आपल्या ज्ञातीतील एकाही आप्पांस व सरकारांस उंबरठा ओलांडण्याची वेळ येऊ नये, एवढीच प्रार्थना.