तळटीप १४ : दिबा

१४. दि. बा. पाटील (१९२६–२०१३). उरण तालुक्यातील जासईचे. पेशाने वकील, पक्ष शेकाप. पनवेलचे अनेकदा आमदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. १९७७ व १९८४ मध्ये कुलाब्याचे खासदार. ‘जासईचा गोळीबार’ जानेवारी १९८४ चा. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पाच शेतकरी ठार झाले. ‘साडेबारा टक्के’ ही त्या लढ्याची खरी कमाई : संपादित जमिनीच्या तेवढ्या क्षेत्राचा विकसित भूखंड मूळ मालकाला परत. मात्र सार्वजनिक सोयींसाठी त्यातले ३.७५ टक्के कापले जात. हाती उरत ८.७५.