गांजाचा झुरका आणि राष्ट्राची गुपिते

१/ तरुणपणी गांजा ओढलेल्या माणसाच्या हाती राष्ट्राची गुपिते सोपवावीत काय? ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची मंजुरी देताना अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर गेल्या सत्तर वर्षांत अनेकदा बदलले. त्या बदलांचा हा इतिहास.

२/ २७ एप्रिल १९५३. शीतयुद्धाचा काळ. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कार्यकारी आदेश १०४५० काढला. निष्ठेबरोबर खाजगी वर्तनही तपासले जाऊ लागले. अतिमद्यपान, अमली पदार्थांचे व्यसन आणि ‘लैंगिक विकृती’ (त्या काळी समलैंगिकताही तीतच मोजत) ही एकाच यादीत बसली.

३/ युक्तिवाद असा, की ज्याला काही लपवायचे आहे त्याला शत्रू धमकावून वळवू शकतो. मात्र नोकरी जाण्याच्या भयाने माणसे अधिकच लपवू लागली, आणि धमकीला धार येते ती लपवण्यामुळेच.

४/ वैमानिकी अभियंता विल्यम ग्रीन यांची मंजुरी साम्यवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून गेली, पाठोपाठ नोकरीही. आपल्याविरुद्ध माहिती देणारे कोण, हे त्यांना कळलेच नाही. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत अमान्य केली. १९६० च्या आदेश १०८६५ ने संरक्षण-उद्योगातील कर्मचाऱ्यांना लेखी आरोप मिळण्याची व उत्तर देण्याची सोय केली. पुढे अमली पदार्थांच्या प्रकरणांतही हीच सोय कामी आली.

५/ तरीही मंजुरी हा हक्क ठरला नाही. १९८८ च्या ईगन खटल्यात न्यायालयाने ते स्पष्ट केले. शंका उरली, तर कौल राष्ट्रसुरक्षेच्या बाजूने.

६/ १९९५ साली क्लिंटन यांचा आदेश १२९६८ आला. १९९७ मध्ये सर्व खात्यांसाठी समान निकष ठरले. एका चुकीवरून नव्हे, तर संपूर्ण माणूस पाहून निर्णय घ्यावा, हे त्यांचे सूत्र. पण २००० साली संसदेने संरक्षण खात्यापुरता कडक कायदा केला. एक वर्षाहून अधिक शिक्षा झालेल्याला, गुन्हा कितीही जुना असो, दार बंद. अपवाद केवळ वरिष्ठांच्या खास संमतीने. २००८ मध्ये तो बदलला. सरसकट बंदी उरली ती आजही बेकायदा सेवन करणाऱ्यांवर आणि व्यसनाधीनांवर.

७/ २०१७ पासूनचे निकष विचारतात: सेवन किती जुने, किती वेळा, पुन्हा घडण्याचा संभव किती? ती संगत सुटली काय? उपचार पूर्ण झाले काय? यापुढे सेवन करणार नाही आणि केल्यास मंजुरी रद्द व्हावी, असे सहीनिशी लिहून देणेही अर्जदाराच्या बाजूने धरले जाते.

८/ एसएफ-८६ हा अर्ज मागील सात वर्षांतील सेवन विचारतो. मंजुरी हाती असताना केलेले सेवन मात्र कितीही जुने असले तरी सांगावे लागते. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. जुना झुरका काळाच्या ओघात क्षम्य ठरू शकतो. अर्जातील खोटेपणा मात्र आजच्या विश्वासार्हतेवरच घाव घालतो.

९/ अनेक राज्यांनी गांजा कायदेशीर केला, पण केंद्रीय कायदा बदलला नव्हता. या पेचात डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक अव्हरिल हेन्स यांनी स्पष्ट केले, की पूर्वीचे गांजासेवन विचारात घ्यावे, पण तेवढ्यावरून निकाल लावू नये.

१०/ १९५३ साली दोष दडवण्यातच अनेकांना तरणोपाय दिसे. आज तोच दोष स्वतःहून सांगणे हा मंजुरीकडे जाणारा पहिला टप्पा आहे. धमकीचे हत्यार बोथट करण्याचा खात्रीचा उपाय तोच, हे उमगायला मात्र अमेरिकेला काही दशके लागली.

(समाप्त)